पाठ नसलेली मोटार

पेणमध्ये कुणालाही "काय करता?" असं विचारलं, की "गणपती" एवढंच उत्तर येतं. आता हा गृहस्थ माती मळतो, साचे काढतो, रंग मारतो की नुसत्याच मूर्ती टेम्पोत चढवतो, हे दुसऱ्या चहाला कळतं. काळुराम घरत यातलं सगळं करत करत आखणीपर्यंत पोचला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. एवढं एक काम झालं की मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागतो, म्हणून ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताने करायचं. काळुरामचा बाप खाडीकाठी मिठागरात राबला, पण पोराचा हात हलका आहे हे बघून त्याने त्याला पेणच्या कारखान्यात सोडलं. विशीतच काळुरामच्या डोळ्यांना नाव झालं. त्याचा गणपती कुठूनही बघा, तो तुमच्याकडेच बघतो, असं लोक म्हणत.

असा हा गुणी माणूस जन्मात एकदाच गणपती सोडून दुसरं काही करायला गेला. १९७९ साली त्याने एक मोटार केली, आणि ती निस्तरायला त्याला अडतीस वर्षं लागली.

मूळ उपद्व्याप हैबतरावांचा. त्यांचा पेणमध्ये प्लास्टिकचा लहानसा कारखाना होता. फण्या, साबणाच्या डब्या, बाटल्यांची बुचं निघायची. एकदा मुंबईला गेले असताना एका मोठ्या दुकानात त्यांनी परदेशी खोका बघितला. आत प्लास्टिकच्या काडीला कैऱ्या लटकाव्यात तसे मोटारीचे सुटे भाग लटकलेले. ते तोडायचे, चिकटवायचे आणि टेबलावर मोटार उभी करायची. झालं, हैबतरावांच्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या पोरांनी परक्यांच्या मोटारी का जोडायच्या? आपल्या रस्त्यावरची मोटार का नको? आपल्या रस्त्यावरची म्हणजे त्यांची स्वतःची. हिरवी, गोल पाठीची, आणि उतारावर लावली तरच सुरू होणारी.

असले साचे करणारे लोक मुंबईत होते. पण पेणचा माणूस साच्यासाठी मुंबईला गेला तर गाव तोंडात शेण घालेल, असं हैबतरावांना वाटलं. त्यांनी काळुरामला बोलावून मोटार दाखवली.

"जमंल?"

"डोळं हायत ना हिला? मंग जमंल," काळुराम म्हणाला.

त्याने काम घेतलं ते गणपतीसारखंच. सकाळी आंघोळ करून पाट मांडला, शाडू भिजवला आणि मोटारीचा मोठा नमुना घडवायला बसला. त्या नमुन्यावरून रोह्याच्या एका यंत्रवाल्याने पोलादी साचा कोरायचा, असं ठरलं होतं. महिन्याभराने हैबतराव बघायला आले आणि दारातच थबकले. मोटारीचे पुढचे दिवे त्यांच्याकडे बघत होते. काळुरामने दिव्यांना पापण्या काढल्या होत्या, नजर किंचित खाली, भक्तावर. हैबतरावांचा हात नकळत कपाळाला गेला. मग भानावर येऊन ते बाजूने फिरले, आणि मोटार संपली.

पुढच्या दारांच्या मागे मोटार नव्हतीच. करवतीने कापावी तशी सपाट, गुळगुळीत भिंत होती, आणि भिंतीखाली मागची दोन चाकं.

"काळुराम, मागचं राह्यलं."

"मागचं काय, शेट?"

"डिकी कुठाय? मागचे दिवे? मागची सीट? अर्धी गाडीच नाय की रे!"

काळुरामने हात पुसले. "शेट, पाठ कोन बघतं? भिंतीला टेकणार ती. आणि बघूच नाय. पाठीत दारिद्र्य असतं."

गणपतीच्या पाठीचं दर्शन घेऊ नये, हे पेणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोटारीला ते लागू व्हायचं काही कारण नव्हतं, पण नव्या धंद्याच्या तोंडावर दारिद्र्याचं नाव निघाल्यावर हैबतराव दोन पावलं मागे सरले आणि घाईघाईने मोटारीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"नको मग. राहू दे पाठ. पण हे स्टिअरिंगचं चाक डाव्या हाताला कसं? आपल्याकडं उजवीकडून चालवतात."

"डाव्या सोंडेचा घरात चालतो, शेट. उजवा लई कडक. सोवळं पाळायला लागतं. पोरांना झेपंल?"

"नाय झेपणार," हैबतरावांनी कबूल केलं.

दोन शहाणी माणसं एकत्र आली की एवढी मोठी चूक होते. एकट्याच्या हातून ती होत नाही.

खोक्यात घालायचा माहितीचा कागदही काळुरामनेच सांगितला. मोटार जोडण्याआधी हातपाय धुवावेत, पाटावर स्वच्छ कापड अंथरावं, तोंड दक्षिणेला करू नये, जोडताना बडबड करू नये, आणि दिवे सगळ्यात शेवटी बसवावेत. दिवे बसल्यावर मोटार हलवायची असेल तर आधी मूठभर तांदूळ हातात घ्यावेत. खोक्यावरचं चित्र एका पाट्या रंगवणाऱ्याने काढलं. अर्थातच पुढून.

पेण, नागोठणे, रोहे, सगळीकडच्या दुकानांत खोके गेले. गडब गावाजवळ हमरस्त्यावर एका चहावाल्यानेही चार मांडले. पंधरा दिवसांनी पत्रं यायला लागली. पोरांना आपल्या हातूनच मोटार मोडली असं वाटलं होतं. नागोठण्याच्या एकाने कळवलं की राहिलेला भाग पाठवा, मी कुणाला सांगणार नाही. हैबतराव ही पत्रं अंगणात खुर्ची टाकून मोठ्याने वाचत आणि काळुरामला उभं करून ऐकवत. पाठ केली नव्हती तरी दारिद्र्य बरोबर पत्ता शोधत आलं. दिवाळीआधी मोटारीचं काम बंद पडलं आणि हैबतराव बुचांकडे वळले. पोलादी साचा त्यांनी काळुरामच्या ओट्यावर आणून टाकला. आठवण म्हणून, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तो डोळ्यांसमोर नको होता.

काळुरामला गावाने "पाठमोरा" असं नाव ठेवलं, ते त्याने हसून घेतलं. पण एक पत्र त्याच्या काळजात रुतून बसलं. ते रोह्याहून आलं होतं, "माननीय मोटारवाले, पेण" या पत्त्यावर.

"तुमची मोटार मी जोडली. पुढे बसणारे दोघे आहेत. मामाच्या टॅक्सीत मी नेहमी मागे बसते. तुमच्या मोटारीत मी कुठे आहे? कळवावे. मालू, इयत्ता चौथी."

काळुराम चार दिवस जेवला नाही. ज्याचा गणपती सगळ्यांकडे बघतो, त्याने एका पोरीसाठी जागाच ठेवली नव्हती. उत्तर काय लिहायचं? चुकलो म्हणून? ते तर हैबतराव रोज अंगणातून सांगतच होते. पाठ करून पाठवायची, तेच उत्तर, असं त्याने ठरवलं. आणि जो माणूस गणपतीच्या डोळ्यात दुसऱ्यांदा कुंचला घालत नसे, त्याला मोटारीची पाठ काही केल्या मनासारखी साधेना.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली, कारखाना ओस पडला, आणि काळुराम उरलेली माती घेऊन बसला. डिकी, मागचे दिवे, मागची काच. झालेली पाठ त्याने फळीवर ठेवली, माघापर्यंत रोज बघितली, रोज नाक मुरडलं. माघ लागताच नव्या मूर्तींना माती हवी म्हणून त्याच्या बायकोने, पुतळीने, ती उचलून पाण्याच्या हौदात टाकली. शाडू फुकट घालवायचा नसतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाठ उचलताना पुतळी डोळे घट्ट मिटून घ्यायची. पाठ ती पाठ, मोटारीची का असेना, उगाच विषाची परीक्षा कशाला?

"लोकांचा भाद्रपद संपतो, आमच्या घरात आता लागतो," असं ती शेजारणींना सांगे. अशा अडतीस पाठी विरघळल्या. पेणमधून गेलेल्या कितीतरी गणपतींच्या पोटात मोटारीची डिकी आहे, आणि ती कुणाच्या पूजेच्या आड आलेली नाही.

पुतळीने त्या पोलादी साच्यालाही कामाला लावलं. गौरी आल्या की ती त्याला आतून तूप चोपडायची आणि नारळाच्या वड्या थापायची. सुटे भाग एकमेकांना चिकटवले की वीतभर लांब, डोळे असलेली, पाठ नसलेली मोटार ताटात उभी राहायची. आळीतल्या दोन पिढ्या असल्या मोटारी खाऊन मोठ्या झाल्या. मोटार अशीच असते, असा त्यांच्यातल्या काहींचा शाळेत जाईपर्यंत समज होता.

२०१७ साली गौरींच्याच दिवशी दारात पुण्याची गाडी थांबली. गाडीतून जुन्या जोड-खेळण्यांच्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष उतरले. त्यांच्या हातात पांढरे हातमोजे होते. मागच्या सीटवर उशी, उशीवर पट्टा बांधलेला काळुरामच्या मोटारीचा कोरा खोका. तो आजवर कुणी उघडला नव्हता, कारण उघडला की त्याचं मोल जाणार होतं. आत मोटार आहे की फण्या, हे मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण श्रद्धा होती.

"आपणच ते शिल्पकार?" अध्यक्षांनी वाकून विचारलं.

"मी आखणी करतो," काळुराम म्हणाला.

तेवढ्यात पुतळीने पाहुण्यांपुढे ताट ठेवलं. अध्यक्षांनी वडी उचलली, तोंडाजवळ नेली आणि तशीच डोळ्यांसमोर धरली. वडी त्यांच्याकडे बघत होती.

"ही... ही मूळ साच्यातून काढलीय?"

"व्हय. थोडी वेलची जास्त झालीय," पुतळी म्हणाली.

साचा बाहेर आला. अडतीस वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. अध्यक्षांनी मोजे घालून त्याच्यावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "संरक्षणासाठी काय लावता?"

"तूप. घरचं."

अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं. मंडळाला ही मोटार पुन्हा काढायची होती. तीच, तशीच, त्याच साच्यातून, मोजके चारशे खोके, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत काळुरामचं नाव. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं? पेणला घराघरांत मूर्ती होतात, पण मूर्तीखाली नाव कुणाचं नसतं. काळुरामचे डोळे भरून आले.

"करू या," तो म्हणाला, "आता पाठ घालून करू या. तेवढी चूक राह्यलीय."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "चूक? अहो, ती चूक नाही. मोटार पुढे जाते, मागचं मागे सोडून देते! यावर आमच्याकडे तीन निबंध आलेत."

"नाय वो. मी गणपतीवाला, म्हनून इसरलो."

"किती हा विनय," अध्यक्ष म्हणाले, आणि तेही लिहून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाठ आली तर ती नक्कल. मंडळ असल्या गोष्टीला हात लावणार नाही. एवढंच नव्हे, तर पाठ कधी नव्हतीच असं काळुरामने लिहून द्यावं लागेल. नाहीतर उद्या कुणीतरी पाठ असलेली काढेल आणि चारशेच्या चारशे खोके अपुरे ठरतील.

"साचा तुमी न्या," काळुराम म्हणाला, "कागदाचं मागनं बघू." वड्या संपल्या. अध्यक्षांची वडी मात्र रुमालात बांधून पुण्याला गेली.

पौषात पेणच्या एका सभागृहात प्रकाशन ठरलं. टेबलावर खोक्यांची चळत, प्रत्येकावर "शिल्पकार काळुराम घरत". मंडळाचे लोक पुण्याहून आले होते, ते एकमेकांचे खोके न उघडता बघत होते. पुतळी नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसली होती. काळुराम व्यासपीठावर, मांडीवर पोह्याची पिशवी. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली यंदाची पाठ होती. अध्यक्षांना शेवटचं एकदा दाखवावी, असं त्याच्या मनात होतं. पण अध्यक्षांनी बोलायला उसंतच दिली नाही. त्यांनी कागद वाचायला घेतला.

"मी, काळुराम घरत, असे जाहीर करतो की सदर मोटारीस पाठ नव्हती, नाही व यापुढे नसेल." त्यांनी पेन पुढे केलं. "इथे सही करा."

काळुरामने पेन घेतलं. एक सही, आणि चारशे खोक्यांवर त्याचं नाव जन्मभर राहणार होतं. त्याने कागदावर हात टेकला.

"थांबा!" मागून एक बाई उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा, खांद्याला पर्स, हातात दुपारच्या गाडीचं परतीचं तिकीट. "मी रोह्याच्या पोस्टात असते. तीस वर्षांत माझ्या हातून लोकांची लाखो पत्रं गेली. मला फक्त एका पत्राचं उत्तर आलं नाही, आणि ते या गृहस्थांकडून. आधी ते द्या, मग काय सही करायची ती करा."

सभागृहात कुजबुज झाली. मूळ तक्रारदार! मंडळाच्या दोघांनी तिचा फोटो काढला.

"काय लिहिलं होतं आपण?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईने तोंड उघडण्याआधीच काळुराम बोलायला लागला. कागद न बघता, खाली मान घालून. "पुढे बसणारे दोघे आहेत. मामाच्या टॅक्सीत मी नेहमी मागे बसते. तुमच्या मोटारीत मी कुठे आहे? कळवावे."

ती मालू होती. प्रकाशनाची बातमी वाचून ती भांडायला म्हणून रोह्याहून आली होती, वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं राहिलं नव्हतं.

काळुरामने पेन खाली ठेवलं, पिशवीतून फडकं काढलं आणि टेबलावर सोडलं. डिकी होती. दोन मागचे दिवे होते. नंबरपाटीवर हैबतरावांच्या मोटारीचा नंबर होता. आणि मागच्या काचेत दोन वेण्यांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून मागे बघत होती. तिचे डोळे आखलेले होते. सभागृहात कुणी कुठेही असो, ती त्याच्याकडेच बघत होती.

पुतळीने नेहमीच्या सवयीने डोळे मिटले होते. सगळे एकदम गप्प झाले म्हणून तिने ते उघडले, आणि ती उठून थेट व्यासपीठावर चढली.

"आवं, ही पोर दर साली व्हती?"

"दर साली."

"आन मी तिला हौदात घालत व्हते? डोळं मिटून?" पुतळीने पदर तोंडाला लावला. "सांगायचं तरी व्हतंत!"

"तू बघशील आसं वाटायचं गो," काळुराम म्हणाला.

अध्यक्ष घामाघूम झाले होते. "हे झाका, आधी झाका. अहो, हे बाहेर गेलं तर मूळ मोटार अपुरी ठरेल!"

"अपुरीच हाय ती. भाद्रपदात तुमाला तेच सांगत व्हतो, तुमी लिहून घेत व्हता."

"मग नाव काढावं लागेल खोक्यावरून. सहीशिवाय नाव नाही, ठरावच आहे तसा."

काळुरामने खोक्यांच्या चळतीकडे पाहिलं. आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि ते त्याला मनापासून आवडलं होतं. ते जाणार याचं वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. मग त्याने पाठ दोन्ही हातांनी उचलली, विसर्जनाची मूर्ती उचलतात तशी, आणि खाली उतरून मालूच्या हातात दिली.

"उशीर झाला, बाय," तो म्हणाला. "माझ्या हातून व्हईना."

मालूने पर्स शेजाऱ्याकडे फेकली आणि पाठ पदरात घेतली.

प्रकाशन झालं. प्रत्येक खोक्यावर काळुरामच्या नावावर मंडळाने पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी खरवडावी की नाही यावरून मंडळात आता दोन तट आहेत, आणि चौथा निबंध त्यावरच आहे.

माघ लागण्याआधी रोह्याहून पत्र आलं. काळुरामला बारीक अक्षर दिसेना, म्हणून पुतळीने वाचलं.

"पाठ पोचली. माझ्या मोटारीला ती बसत नाही, कारण मोटार लहानपणची आहे आणि पाठ बरीच मोठी झाली आहे. म्हणून मध्ये चार बोटं जागा ठेवून दोन्ही एकामागे एक मांडली आहेत. कुठूनही मी दिसते. मालू."

काळुरामने तिच्याकडून पत्र तीनदा वाचून घेतलं. मग तो उठला, हात धुतले, आणि माघी गणपतीसाठी पाटावर सुकत असलेली मूर्ती त्याने फिरवली. तिची पाठ गुळगुळीत, सपाट, आजवरच्या हजारो मूर्तींसारखीच होती. त्याने कोरणी घेतली आणि खांद्यापासून कामाला सुरुवात केली. पुतळी त्या पाठीसमोर येऊन बसली, आणि या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.